स्वतःच सुरू केलेल्या हार्मोन्सपासून डॉक्टरांच्या देखरेखीपर्यंत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ज्या ट्रान्स व्यक्तींच्या पर्समध्ये, कपाटात किंवा गादीखाली हार्मोन्सचं पाकीट आहे पण ते लिहून देणारा डॉक्टर नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कुणी माला-डी घेतंय, कुणी प्रेमारिन, कुणी प्रोजिनोव्हाबरोबर अल्डॅक्टोन. कुणी जिमच्या ओळखीतून सस्टॅनॉनची अँप्युल मिळवतो आणि मित्राकडून टोचून घेतो. हिजडा समाजातल्या गुरूने सांगितलं, मैत्रिणीने अर्धं पाकीट दिलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही, आणि सुरू झालं. जवळपास डॉक्टर नव्हते, होते त्यांनी दारातूनच परत पाठवलं, घरी कळण्याची धास्ती होती. ज्या शरीरात राहणं असह्य झालं होतं त्यात राहता यावं म्हणून केलेली ही धडपड आहे. तिची लाज बाळगण्याचं काहीही कारण नाही.

मी ट्रान्स मित्रमैत्रिणींसोबत ओपीडीत जाते. तिथे पुन्हा पुन्हा दिसतं ते हे, की माणसं डॉक्टरांसमोर कमी सांगतात. दोन वर्षं गोळ्या चालू असतात तर ‘सहा महिने’ म्हणतात, रोज चार घेतात तर ‘एक’ म्हणतात, इंजेक्शनचा विषयच काढत नाहीत. मग डॉक्टर त्या अर्ध्या माहितीवर औषध लिहितात. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे: पहिल्या भेटीत तुम्हाला सगळं खरं, नेमकं आणि न घाबरता सांगता यावं.

हे १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. त्याहून लहान असाल तर पालकांची संमती आणि या वयाचा अनुभव असलेले डॉक्टर दोन्ही लागतात. तो मार्ग वेगळा आहे.

पायरी १: भेटीआधी मनाने बंद करू नका, वाढवूही नका

अपॉइंटमेंट मिळाली की अनेकजण आठवडाभर आधी गोळ्या थांबवतात, ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून. त्याने उलटंच होतं. तुमचं शरीर रोजच्या डोसवर कसं आहे हेच तर डॉक्टरांना बघायचं असतं. काहीजण उलट करतात: डॉक्टर कमी करतील म्हणून आधीच दुप्पट घेतात. दोन्ही टाळा. जे चालू आहे ते तसंच, त्याच वेळेला घेत राहा आणि नोंद ठेवा.

ज्यांचं निर्वाण (हिजडा परंपरेतलं लिंग आणि वृषणं काढणं) किंवा वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्या ट्रान्स पुरुषांचे अंडाशय काढले आहेत, त्यांनी तर हार्मोन्स महिनोन्महिने सोडून बसू नये. शरीर स्वतः हार्मोन्स तयार करत नाही आणि बाहेरूनही मिळत नाहीत, तेव्हा हाडं ठिसूळ होत जातात. हे दुखत नाही, म्हणून कळतही नाही. निर्वाण होऊन अनेक वर्षं झाली आणि आता काहीच घेत नाही, असं सांगणाऱ्या वयस्कर गुरूंनाही मी डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह करते.

आता अपवाद. एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, खोकल्यातून रक्त, आजवर कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी, एका डोळ्याने कमी दिसणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. यातलं एक जरी झालं तरी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. पुढची गोळी घेऊ नका, १०८ला फोन करा आणि कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मी इस्ट्रोजेन घेते.’ (ट्रान्स पुरुषांनी ‘टेस्टोस्टेरॉन घेतो’.) रक्ताच्या गुठळीचा संशय डॉक्टरांच्या मनात यायला हे वाक्य ऐकू यावं लागतं. ते सांगितलं नाही तर पोटरीचं दुखणं मुका मार समजून पेनकिलर देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं.

डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसणं, किंवा जगावंसंच न वाटणं, यांसाठीही त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायरी २: सगळी पाकिटं एका पिशवीत

रिकाम्या स्ट्रिप्स, अँप्युलचं खोकं, आयुर्वेदिक म्हणून घेतलेली बाटली, केसांसाठीच्या गोळ्या, सगळं गोळा करा. जे फेकून दिलंय त्याचं नाव आठवून लिहा. ‘गुलाबी गोळी’ एवढ्यावर डॉक्टरांना काही करता येत नाही, कारण औषधाचं ब्रँडचं नाव वेगळं आणि आतलं रसायन वेगळं असतं. तुमच्या पिशवीत बहुधा खालीलपैकी काहीतरी निघेल. हे नीट वाचा, कारण डॉक्टर पहिले प्रश्न यावरच विचारतील.

माला-डी आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या आहेत. पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१मध्ये ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या असतात, त्यांत हार्मोन नसतं. अनेकजणी त्या सातही मन लावून घेतात आणि ‘या आठवड्यात फरक वाटत नाही’ म्हणून पुढच्या पाकिटातल्या दोन-दोन घेतात. त्रास असतो तो इथिनाइल इस्ट्रॅडिऑलचा. यकृतात ते सहज मोडत नाही आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या क्लिनिकमध्ये एके काळी ट्रान्स स्त्रियांना हेच औषध दिलं जायचं. तिथे गुठळ्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कैक पटींनी जास्त आढळलं आणि या उपचारातून ते काढून टाकलं गेलं. स्तनांची वाढ जास्त गोळ्यांनी लवकर होत नाही. तिला दोन-तीन वर्षं लागतात. गुठळीचा धोका मात्र गोळ्यांसोबत वाढतो. क्रिमसन-३५, जिनेट-३५ यांसारख्या मुरुमांसाठीच्या गोळ्यांतही हेच इथिनाइल इस्ट्रॅडिऑल आहे, सोबत २ मिलिग्रॅम सायप्रोटेरॉन.

या गटातल्या गोळ्या घेत असाल आणि त्यात तुम्ही सिगारेट किंवा विडी ओढत असाल, बीपी असेल, डोळ्यांपुढे चमक येऊन मग डोकं दुखत असेल, वय ३५च्या पुढे असेल, किंवा तुम्हाला वा घरात कुणाला आधी गुठळी झाली असेल, तर तज्ज्ञाच्या तारखेसाठी महिनाभर थांबू नका. याच आठवड्यात कोणत्याही एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांना भेटा आणि एवढंच विचारा: ‘ही गोळी आजच थांबवू का?’

प्रेमारिनमध्ये घोडीच्या मूत्रातून काढलेली इस्ट्रोजेन्स असतात. प्रोजिनोव्हामध्ये इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट असतं, ज्याचं शरीरात इस्ट्रॅडिऑलच होतं. आजचे डॉक्टर बहुधा याच गटातलं काहीतरी लिहितात, गोळी किंवा त्वचेवर लावायची जेल.

अल्डॅक्टोन म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम ते अडवतं, पण रक्तातलं पोटॅशियमही वाढवतं. ते घेत असाल तर रोज दोन-तीन शहाळी पिणं, ‘लो सोडियम’ मीठ वापरणं, आणि बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी सोबत चालू असणं, हे सगळं डॉक्टरांना कळायलाच हवं. पाकिटावर लॅसिलॅक्टोन लिहिलंय का तेही बघा. त्यात स्पायरोनोलॅक्टोनबरोबर फ्युरोसेमाइड हे जोरदार लघवी करवणारं औषध असतं. ‘अल्डॅक्टोन नाही, हे घ्या, तेच आहे’ असं काउंटरवर सांगितलं जातं. ते तेच नाही. चक्कर, तोंडाला कोरड, पायात गोळे येत असतील तर कारण तिथे असू शकतं.

सायप्रोटेरॉनची ५० मिलिग्रॅमची गोळी कुणी रोज पूर्ण घेत असेल तर ते ठळक लिहा. दीर्घकाळ मोठ्या डोसमुळे मेंदूच्या आवरणावर मेनिंजिओमा नावाची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०२०मध्ये रोज १० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या डोसवर निर्बंध सुचवले. यकृतावर आणि मनावरही ते परिणाम करतं. पण ते मनाने एका दिवसात सोडू नका. कसं उतरवायचं ते डॉक्टर सांगतील.

तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन कुणी घेतलं असेल तर त्याची तारीख हवी. त्यात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असतं, इस्ट्रोजेन अजिबात नाही.

ट्रान्स पुरुषांकडे बहुधा सस्टॅनॉन २५० निघतं. चार प्रकारच्या टेस्टोस्टेरॉनचं हे मिश्रण शेंगदाण्याच्या तेलात असतं, त्यामुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते चालत नाही. जिममधून आलेल्या बाटलीवर जे छापलंय तेच आत असेल याची काही खात्री नसते. बाटलीच घेऊन जा. सुई कुणासोबत वाटून घेतली असेल तर तेही सांगा, म्हणजे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी लगेच होईल. आणखी एक: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नसतं. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गर्भ राहिलाच तर ते बाळाला अपाय करतं.

पायरी ३: एका पानाचा कागद

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर घसा कोरडा पडतो आणि अर्धं विसरायला होतं. म्हणून कागद. साधारण असा:

‘वय २६. ट्रान्स स्त्री. मला … या नावाने हाक मारा. माला-डी रोज २ गोळ्या, जून २०२३पासून. मध्ये चार महिने बंद. अल्डॅक्टोन ५० मिलिग्रॅम रोज १, गेल्या दिवाळीपासून. शेवटची गोळी आज सकाळी ८ वाजता. सिगारेट रोज ५. दारू आठवड्यातून एकदा. कोणतीही शस्त्रक्रिया नाही. वडिलांना बीपी, आत्याला पायात गुठळी झाली होती. चालू असलेली इतर औषधं: … झालेला त्रास: सकाळी मळमळ, मन उदास. मला हवं आहे: स्तनांची वाढ, दाढी कमी. मला नको आहे: … मुलांबद्दल: अजून ठरवलेलं नाही.’

शेवटची ओळ गाळू नका. इस्ट्रोजेन आणि अँटिअँड्रोजेनने (टेस्टोस्टेरॉन अडवणारी अल्डॅक्टोन, सायप्रोटेरॉनसारखी औषधं) शुक्राणू कमी होतात आणि पुढे पूर्ववत होतीलच असं नाही. शुक्राणू गोठवून ठेवायचे असतील तर त्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारायला हवं.

एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू असेल तर ती नक्की लिहा. आज सरकारी केंद्रांवर बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर आहे आणि त्याची हार्मोन्सशी सहसा अडचण येत नाही. जुन्या इफाव्हिरेन्झमुळे मात्र इस्ट्रोजेनची पातळी उतरू शकते. टीबीच्या रिफॅम्पिसिननेही ती उतरते. हार्मोन्स कमी पडतील म्हणून कुणीही एआरटी किंवा टीबीचं औषध सोडू नये. जुळवून घ्यायचा तो हार्मोन्सचा डोस.

पायरी ४: कुणाकडे जायचं

हार्मोन्सचे तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्ट. त्यांच्या पाटीवर एमबीबीएस आणि एमडीनंतर डीएम किंवा डीएनबी एंडोक्रायनोलॉजी लिहिलेलं असतं. पण तेच हवेत असं नाही. या विषयाचा अनुभव असलेले फिजिशियन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञही हा उपचार उत्तम सांभाळतात. नुसतं ‘हार्मोन स्पेशालिस्ट’ लिहिलेल्या आणि पदवी न सांगणाऱ्या पाटीपासून दूर राहा. महाराष्ट्रातल्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येतो.

मुंबईत केईएमसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात एंडोक्रायनोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, ओपीडीचे वार आधी विचारून घ्यायचे. जी.टी. रुग्णालयात फेब्रुवारी २०२३मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. कल्याण आणि पुण्यात ट्रान्स व्यक्तींसाठीच चालणारी मित्र क्लिनिक २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबल्यावर बंद पडली. तिथल्या अनेकांना तेव्हापासून नव्याने डॉक्टर शोधावे लागले. तुम्ही त्यांपैकी असाल तर जुनी फाइल, रिपोर्टचे फोटो, मेसेज, जे हाती असेल ते जपून ठेवा. नव्या डॉक्टरांचं अर्धं काम त्याने होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा तालुक्यात राहत असाल तर तज्ज्ञ नाही म्हणून थांबू नका. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत (वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात येत नाहीत). बीपी, वजन, हिमोग्लोबिन, यकृत आणि किडनीच्या तपासण्या तिथे करून घ्या आणि ते रिपोर्ट घेऊन शहरातल्या तज्ज्ञाकडे जा. केंद्र सरकारच्या मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनंतर व्हिडिओवर सल्ला घेणं रीतसर आहे. मात्र पहिली भेट शक्य असेल तर समोरासमोरच करा, कारण बीपी आणि पोटऱ्या स्क्रीनवर तपासता येत नाहीत.

डॉक्टरचं नाव मिळवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग अजूनही तोंडी चौकशीचाच आहे. तुमच्या भागातल्या ट्रान्स संस्थेला, मुंबईत १९९४पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या ठिकाणी किंवा एआरटी केंद्रावरच्या समुपदेशकाला विचारा. विचारताना ‘चांगले डॉक्टर कोण’ एवढ्यावर थांबू नका. रिसेप्शनवर कसं वागवतात, फी किती, आधीपासून गोळ्या घेणाऱ्यांना ओरडतात का, हेही विचारा.

खर्चाबाबत: २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम १५मध्ये हार्मोन उपचार आणि समुपदेशन ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली गेली, आणि २०२२मध्ये आयुष्मान भारत टीजी प्लस या ट्रान्स व्यक्तींसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या संरक्षणाचा करार झाला. प्रत्यक्षात कुठे काय चालतं ते त्या रुग्णालयात सरकारी योजनांची मदत करणाऱ्या आरोग्यमित्रालाच विचारा आणि खिशात पैसे ठेवूनच जा.

पायरी ५: रक्त तपासणी, तीही योग्य वेळी

डॉक्टर साधारणपणे या तपासण्या लिहितात: सीबीसी, यकृत आणि किडनी, पोटॅशियम, उपाशीपोटीची साखर, लिपिड, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, आणि बहुधा प्रोलॅक्टिन. आधीच करून गेलात तर एक फेरी वाचते, पण यादी त्यांच्याकडून घेतली तर पैसे वाचतात. पैसे मोजकेच असतील तर दुसरा मार्ग घ्या.

वेळ महत्त्वाची आहे. गोळी घेत असाल तर रक्त किती वाजता दिलं आणि गोळी किती वाजता घेतली हे रिपोर्टवर पेनाने लिहा; पुढच्या खेपेलाही तेवढंच अंतर ठेवा. इंजेक्शन घेत असाल तर ते दिल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासलं तर आकडा भरमसाट येतो. दोन इंजेक्शनांच्या मधोमध की पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी, ते डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान दोन दिवस आधी थांबवा. त्याने हार्मोन्सचे आकडे चुकतात.

माला-डी किंवा प्रेमारिन घेणाऱ्यांना रिपोर्ट बघून धक्का बसतो: ‘इतक्या गोळ्या घेते आणि इस्ट्रॅडिऑल एवढंच?’ ती तपासणी फक्त इस्ट्रॅडिऑल मोजते. इथिनाइल इस्ट्रॅडिऑल तिच्यात दिसत नाही आणि प्रेमारिनचाही बराचसा भाग सुटतो. म्हणजे रक्तात इस्ट्रोजेनचा परिणाम भरपूर असू शकतो आणि कागदावर आकडा तोकडा. हा आकडा बघून गोळ्या वाढवणं फार धोक्याचं आहे.

रिपोर्टमधली लाल अक्षरं आणि बाण लॅबने फॉर्मवर जे लिंग लिहिलं त्यानुसार छापलेले असतात. ट्रान्स पुरुषाच्या रिपोर्टवर स्त्रीचा रकाना असेल तर टेस्टोस्टेरॉन अफाट वाढलेलं दिसणारच. आकडे कोणत्या मापात आहेत तेही बघा: टेस्टोस्टेरॉन एका लॅबमध्ये नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतं, दुसरीत प्रति मिलिलिटरमध्ये. ५० आणि ०.५ हे एकच असू शकतं.

पायरी ६: डॉक्टरांच्या खोलीत

सोबत कुणीतरी असू द्या, विश्वासातलं. आत गेल्यावर एवढं बोला:

‘नमस्कार डॉक्टर. मी ट्रान्स स्त्री आहे. गेली दोन वर्षं मी स्वतःच हार्मोन्स घेतेय, त्याची सगळी माहिती या कागदावर आहे. मला हे बंद करायचं नाही. मला ते तुमच्या देखरेखीखाली, सुरक्षितपणे करायचंय.’

‘मला हे बंद करायचं नाही’ हे वाक्य जरूर म्हणा. काही डॉक्टर सद्‍भावनेने म्हणतात, ‘आधी सगळं सहा महिने बंद करा, मग बघू.’ त्याने बहुतेकजण परत मेडिकलवाल्याकडेच जातात. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या सातव्या आवृत्तीतच म्हटलं होतं, की आधीपासून हार्मोन्स घेणाऱ्या व्यक्तीला पुढची व्यवस्था होईपर्यंत डॉक्टर १ ते ६ महिन्यांची तात्पुरती औषधं लिहून देऊ शकतात. म्हणून नम्रपणे विचारा: ‘तपासण्या आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट होईपर्यंत धोक्याच्या गोळीऐवजी सुरक्षित गोळी देता येईल का?’

मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र बरेच डॉक्टर मागतात. घाबरू नका. तुम्हाला वेड लागलंय असा त्याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लिंगविसंगती (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख न जुळणं) मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे. तिथे तुमचा प्रवास, आधार देणारी माणसं, नैराश्य आहे का, अपेक्षा काय, अशा गोष्टी बोलल्या जातात. कुणी ‘यातून बरं करून देतो’ म्हणालं तर उठून बाहेर या. असे ‘बदलवण्याचे’ उपचार करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा असल्याचं नॅशनल मेडिकल कमिशनने मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०२२मध्ये राज्यांच्या कौन्सिलना कळवलं आहे.

तपासणीत बीपी, वजन, पोट, पाय, कधी छाती बघतात. गुप्तांगं बघण्याची गरज पहिल्या भेटीत सहसा नसते. ‘हे कशासाठी?’ असं विचारायचा आणि ‘आज नको’ म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे.

आणि ओरडले तर? ओरडतातही. ‘कुणी सांगितलं होतं हे करायला?’ त्यावर वाद घालू नका. ‘म्हणूनच तुमच्याकडे आलेय’ एवढं म्हणा. तरीही उपचार नाकारले तर निदान बीपी आणि तपासण्यांची चिठ्ठी तेवढी लिहून घ्या आणि दुसऱ्यांकडे जा.

बाहेर पडण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: औषधाचं रासायनिक नाव, डोस आणि वेळ, पुढची तपासणी कधी, आणि रात्री त्रास झाला तर काय करायचं.

पायरी ७: नाव, फोन आणि घर

केसपेपर काढताना दिलेल्या मोबाइलवर लॅबचे मेसेज येतात. तो नंबर तुमचाच हवा, वडिलांचा किंवा भावाचा नको. आधी घरच्या नंबरवर नोंदणी झालेली असेल तर खिडकीवर बदलून घ्या. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर हवा की हातात, ते लॅबला सांगा. कागदपत्रांवर जुनं नाव असेल तर डॉक्टरांना फाइलवर पेन्सिलने हाकेचं नाव लिहायला सांगा म्हणजे बाहेर मोठ्याने जुनं नाव पुकारलं जाणार नाही. चिठ्ठीवर आणि बिलावर एकच नाव असलेलं मात्र बरं. विमा किंवा पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते लागतं.

तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्या लागतात, त्यामुळे डॉक्टर बदलताना फाइल मागायला कचरू नका.

यांतली बहुतेक औषधं चिठ्ठीवरच विकायची असतात. आता तुमच्याकडे चिठ्ठी आहे, तेव्हा एकाच मेडिकलमधून घ्या, बिल घ्या, आणि ‘हे नाही, तेच दुसरं घ्या’ म्हटलं तर रासायनिक नाव मिलिग्रॅमसकट जुळतंय का ते स्वतः बघा.

पायरी ८: औषध बदलतानाचे पहिले तीन महिने

हा काळ अवघड जातो. रोज चार गोळ्या घेणाऱ्या मुलीला डॉक्टर कमी डोस देतात तेव्हा तिला वाटतं, आता सगळं उलटं फिरणार. तसं होत नाही. वाढलेलं स्तनऊतक डोस बदलल्याने नाहीसं होत नाही. त्वचा थोडी तेलकट होईल, मूड वरखाली होईल, ट्रान्स पुरुषांना एखादी पाळी परत येईल. हे डॉक्टरांना कळवायचं, स्वतः भर घालायची नाही. उरलेली जुनी पाकिटं घरात ठेवू नका आणि कुणाला देऊही नका. रात्री मन खचलं की हात तिकडेच जातो.

डॉक्टर कोणता आकडा गाठायचा प्रयत्न करतात तेही माहीत असू द्या. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ट्रान्स स्त्रियांसाठी इस्ट्रॅडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असं लक्ष्य आहे. ट्रान्स पुरुषांसाठी इंजेक्शनांच्या मधोमध टेस्टोस्टेरॉन ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. त्यांचं रक्त दाट होतंय का ते हिमॅटोक्रिटवरून कळतं; ते ५४ टक्क्यांपर्यंत गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा इंजेक्शन पुढे ढकलतात. स्पायरोनोलॅक्टोनवर असाल तर पोटॅशियमची तपासणी चुकवू नका.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एक-दोनदा तपासणी, ही सर्वसाधारण पद्धत. मधे गावाला जाताय, नोकरी बदलतेय, दुसऱ्या शहरात जाताय, तर महिन्याची औषधं आणि चिठ्ठीचा फोटो सोबत ठेवा. शस्त्रक्रिया ठरली, अगदी अपेंडिक्सची असली तरी, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही हार्मोन्सबद्दल सांगा. काही वेळा ते आधी थांबवावे लागतात. निर्वाण किंवा वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया झाली की अल्डॅक्टोन, सायप्रोटेरॉनची गरज उरत नाही, पण इस्ट्रोजेन चालू राहतं. त्या वेळी पुन्हा डॉक्टरांना भेटून नवी चिठ्ठी घ्या, जुनीच पुढे चालवू नका.